वापसीची गाडी

मूलच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी अर्धा तास नुसतं उभं राहावं. सकाळी चंद्रपूरला निघालेली माणसं जाणाऱ्या गाडीबद्दल फारसं विचारत नाहीत. ती समोर लागलेली असते, नाही तर लागेल. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. "वापसीले शेवटची गाडी कितीले हाय जी?" खिडकीतून वेळ सांगितली जाते. विचारणारी बाई पिशवी सावरत ती वेळ पुटपुटते, मनात काही जुळवते आणि मग पाय उचलते. कधी गाडीकडे, कधी घराकडे.

माणसं प्रवासाचं साधन कसं निवडतात, या विषयावर जगभर पन्नास-साठ वर्षं संशोधन चाललं आहे. त्यातलं थोडंफार मी वाचलं आहे. पण त्या सगळ्या वाचनात जे हाती लागलं नव्हतं, ते त्या खिडकीपाशी लागलं. आपण "कशानं जायचं?" असं विचारतो. इथली माणसं "कशानं परतायचं?" हे आधी ठरवतात आणि जाणं त्यावरून ठरतं.

मूल हे चौरस्त्याचं गाव. पश्चिमेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर चंद्रपूर. पूर्वेला सावली, व्याहाड आणि वैनगंगेच्या पुलापलीकडे गडचिरोली. उत्तरेला सिंदेवाहीवरून नागभीड, पुढे नागपूर. दक्षिणेला पोंभुर्णा. धानाचा मुलूख, त्यामुळे राईस मिला भरपूर. लोकवस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, कारभार नगर परिषदेचा. कागदोपत्री हे शहर आहे. पण शहरातली वाहतूक म्हणून जे पुण्या-नागपुरात मोजतात, ते मोजायला इथं गेलं तर हाती ऑटो, ई-रिक्षा आणि पायी चालणारी माणसं एवढंच लागेल. मूलची खरी ये-जा आजूबाजूच्या खेड्यांशी आणि चंद्रपूर-गडचिरोलीशी आहे. पुण्यात पंधरा किलोमीटर गेलं तरी माणूस गावातच असतो. इथं पंधरा किलोमीटरमध्ये दोनदा जंगल लागतं.

आता जरा लांब जाऊ. १९७२ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात 'बार्ट' ही नवी रेल्वे सुरू झाली. कामावर जाणारे किती जण ती वापरतील, याचा सरकारी अंदाज होता १५ टक्के. डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाच्या गटानं रेल्वे सुरू होण्याआधी लोकांना प्रश्न विचारून, वेळ, पैसा, चालणं, थांबणं यांची गणितं मांडून ६.३ टक्के असा अंदाज काढला. प्रत्यक्षात निघाले ६.२. पुढं २००० साली मॅकफॅडनला नोबेल मिळालं, जेम्स हेकमनबरोबर विभागून. आज कुठल्याही मेट्रोचा प्रवासी-अंदाज बांधताना जे गणित वापरतात, त्याची मुळं तिथं आहेत.

या गणिताला एक प्रसिद्ध खोट आहे आणि तिचं नाव ऐकून मी हसलो होतो: लाल बस, निळी बस. समजा गावात कार आणि लाल बस अशी दोनच साधनं आहेत आणि माणसं निम्मी-निम्मी वाटली गेली आहेत. उद्या कुणी तशीच दुसरी बस आणली, फक्त रंग निळा. साधं गणित म्हणतं, आता तिघांना सारखा वाटा, प्रत्येकी एक तृतीयांश. म्हणजे निळा रंग पाहून कारवाले कार सोडून बसमध्ये आले! असं कधी होत नाही. कारवाला कारमध्येच राहतो, फक्त बसवाले दोन बसमध्ये विभागले जातात. रंगानं काही फरक पडत नाही, हे गणिताला शिकवायला पुढच्या संशोधकांना बराच घाम गाळावा लागला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर मात्र लाल बस आणि निळी बस खरोखरच धावतात. लाल ती आपली नेहमीची एस.टी., लालपरी म्हणा नाही तर लाल डबा. निळी ती मानव विकास मिशनची. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा मोफत नेण्यासाठी २०११ नंतर या बस आल्या. राज्यातल्या १२५ तालुक्यांना आधी पाच-पाच, मग सात-सात. चालवते एस.टी.च. ड्रायव्हर एस.टी.चा, कंडक्टर एस.टी.चा, खड्डे तर एकाच खात्याचे. शाळेची फेरी संपली की मधल्या वेळेत ती साध्या फेऱ्याही मारते. आणि मुलींना पास मोफत म्हणाल, तर तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली लाल गाडीतही आहे. भाडं शून्य इथंही, शून्य तिथंही. पुस्तकातली अट तंतोतंत पाळलेली: रंग सोडून सगळं सारखं.

तरीही फरक पडतो. लाल गाडीची वेळ कचेरी, बाजार, तालुक्याची कामं यांच्या सोयीनं लागलेली असते. निळीची वेळ शाळेच्या घंटेवरून. शाळा सुटते तेव्हा ती फाटकाजवळ उभी असावी, अशी ती योजना आहे. आणि तिच्यात कोण बसलेलं असणार, हे गावातल्या आईला घरबसल्या ठाऊक असतं: गावच्याच पोरी, शेजारच्या गावच्या पोरी. संध्याकाळच्या लाल गाडीत कोण असेल ते सांगता येत नाही. मॅकफॅडनच्या गणितात निवड करणारा माणूस एक असतो. इथं जाणारी एक आणि ठरवणारे चार. आजी, आई, बाप आणि कॉलेज सोडून घरी बसलेला भाऊ. त्यांनी एकच गोष्ट विचारलेली असते: अंधार पडायच्या आत पोरगी घरात येईल का?

या प्रश्नाला संशोधनात अलीकडं जागा मिळाली आहे. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलामुलींचा अभ्यास करून दाखवलं, की रस्त्यातल्या छेडछाडीच्या भीतीनं मुली चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज घेतात, वाट सुरक्षित असेल तर. मुलगे अशी तडजोड खूपच कमी करतात. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींचा माध्यमिक शाळेतला प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि शाळा जितकी लांब तितका सायकलचा परिणाम जास्त. आपल्याकडं मानव विकासमध्येही शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना सायकल मिळते. सायकलचा मोठा गुण असा, की वापसीसाठी तिला कुणाला विचारावं लागत नाही. शाळा सुटली की निघायचं, घोळक्यानं. पण पाच किलोमीटरची वाट जंगलातून असेल तर सायकल अंगणात उभी राहते आणि पोरगी बसची वाट पाहते. सायकल चालवायला ती घाबरत नाही, वाट पाहणारे घाबरतात.

निळ्या गाडीबद्दल सगळं गोड लिहायचं कारण नाही. एखाद्या दिवशी ती येत नाही. पंक्चर असते, ड्रायव्हर कमी असतो, कधी यात्रेच्या जादा फेरीला लावलेली असते. असा एक दिवस गेला तर शाळेचं नुकसान एका दिवसाचं. पण शाळा सुटल्यावर ती आली नाही आणि पोरी साडेसात-आठला कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आल्या, तर त्या संध्याकाळचं नुकसान वर्षाचं. अशा एका संध्याकाळनंतर अकरावीचा दाखला काढलेली घरं या भागात फिरणाऱ्या कुणालाही भेटतील. सकाळच्या फेरीचा आणि संध्याकाळच्या फेरीचा भाव सारखा नाही, हे वेळापत्रक लिहिणाऱ्याला कागदावर दिसत नाही. तिथं दोन्ही एकेक फेरी असतात.

आकडेवारीतही तेच. २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं, की कामावर किती लांब जाता आणि कशानं जाता. उत्तरांतून देशाचं मोठं चित्र मिळालं: साधारण २३ टक्के चालत, १३ टक्के सायकलनं, तेवढेच मोटारसायकल-स्कूटरवर, बसनं ११ टक्क्यांच्या आसपास, कारनं तीनहूनही कमी. धोरणाच्या चर्चेत ही टक्केवारी आजही फिरते. पण हा प्रश्न सगळ्यांना लागू नव्हता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले वगळून जे "इतर कामगार" उरतात, त्यांचाच तो तक्ता आहे. म्हणजे मूल तालुक्यात जुलै महिन्यात पहाटे जी माणसं सर्वांत जास्त हलतात, ती त्यात नाहीतच.

रोवण्याच्या दिवसांत इथल्या कुठल्याही फाट्यावर सकाळी सातला उभं राहा. पिकअप येते, मागच्या हौद्यात पंचवीस-तीस बाया उभ्या. डोक्यावर प्लास्टिकचं मोरं, हातात डबा, नऊवारीचा काचा मारलेला, कुणाच्या लुगड्यावर कालचा चिखल वाळलेला. ठेकेदार ओळखीचा असतो किंवा त्यांच्यातलीच एखादी बाई टोळी जमवते. कुणी म्हणेल, हौद्यात माणसं भरणं बेकायदा आहे, धोक्याचं आहे. दोन्ही खरं. पण त्या बायांना विचारलं तर त्या पिकअपची एक बाजू सांगतात: जी नेते तीच आणून सोडते, दारात. मजुरी ठरवतानाच गाडी कोणाची ते ठरलेलं असतं. एस.टी.नं गेलं तर बांधीपासून फाट्यापर्यंत चिखलातून दोन किलोमीटर, मग गाडीची वाट, मग पुन्हा फाट्यापासून गाव. उन्हाळ्याआधी याच भागातल्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात, तेव्हाही सौदा तसाच असतो: नेणं-आणणं मालकाकडं. २०२० च्या टाळेबंदीत तो सौदा मोडला. नेलं होतं, आणणारं कुणी उरलं नाही आणि माणसं चालत निघाली.

२०२७ ची जनगणना तोंडावर आहे. त्यात प्रवासाचा प्रश्न शेतमजुरांनाही विचारला तर मूलसारख्या तालुक्याचं चित्र उलटंपालटं होईल असं मला वाटतं. आणि जमलंच तर एक जादा रकाना: परत कशानं आलात?

दिल्लीच्या आयआयटीतल्या गीतम तिवारी आणि दिवंगत दिनेश मोहन यांनी फार आधीपासून हे मांडलं, की आपल्याकडचे पायी चालणारे आणि सायकलवाले यांतले बरेच जण निवड करतच नसतात. दुसरं काही परवडत नाही म्हणून ते तिथं असतात. मूलमध्ये परवडण्याच्या जोडीला जंगल येतं.

चंद्रपूरचा रस्ता धरा. अजयपूर, चिचपल्ली, लोहारा. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आजूबाजूला बांबूच बांबू. उत्तरेला ताडोबाचं बफर. हा रस्ता माणसांचा आहे तसाच वाघाचाही. समांतर जाणारा गोंदिया-बल्लारशा लोहमार्गही तसाच. २०१८ च्या नोव्हेंबरात चिचपल्ली-जुनोना भागात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. आणि १० मे २०२५ ला शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात मेंढा (माल) च्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघिणीनं मारलं. अशा बातमीनंतर महिनाभर रस्त्याचं वागणं बदलतं. मोटारसायकलवाले एकटे निघत नाहीत. फाट्यावर थांबतात, दुसरी गाडी आली की मागोमाग लागतात. प्रवासाच्या वेळेला पैशात मोजण्याचं एक शास्त्र आहे. एक तास वाचला तर माणूस किती रुपये द्यायला तयार होईल, हे त्यात काढतात. त्या शास्त्रात सकाळी आठचा तास आणि संध्याकाळी सातचा तास यांची किंमत फार तर गर्दीनं बदलते. अजयपूरच्या वळणावर ती सूर्यानं बदलते. उन्हाळ्यात मूलचा बाजार उशिरापर्यंत भरलेला आणि हिवाळ्यात पाचलाच पांगलेला, यात थंडीचा वाटा थोडाच.

रेल्वेचं लांबण लावत नाही. मूल-मारोडा हे स्टेशन, एके काळची नॅरोगेज, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली: २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. मालगाड्यांना त्याचा मोठा उपयोग होईल. पॅसेंजर किती वाढतील आणि संध्याकाळी कोणत्या वेळेला धावतील, यावर मूलकरांचा निकाल लागेल. तिकीट स्वस्त असूनही माणसं पॅसेंजरला भरवशाची मानत नाहीत, कारण मालगाडीला वाट देत ती कुठं थांबेल याचा नेम नसतो. जाताना उशीर झाला तर चालतं. येताना झाला तर स्टेशनवरून गावाकडं जाणारं काही मिळत नाही. माझीही एकदा अशी गत झाली. विद्यार्थी होतो. गाडी दोन तास रखडली, पुढची बस गेलेली, आणि चहाच्या बंद टपरीच्या बाकावर डास मारत मी सकाळ केली. घरी बोलणी बसली ती उशिराची नव्हेत. "निघताना वापसीचं पाहिलं नव्हतं का?" याची बसली.

आता संपाचं सांगतो, कारण माणसं साधन कसं बदलतात हे पाहायचं तर संपासारखी प्रयोगशाळा नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. फर्डिनांड राउख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या. नाइलाजानं वेगळी वाट धरलेल्यांतले सुमारे ५ टक्के प्रवासी संप संपल्यावरही नव्याच वाटेनं जात राहिले. इतकी वर्षं रोज जाऊनही त्यांना आपली सोयीची वाट ठाऊक नव्हती, असा निष्कर्ष. सवय माणसाला आंधळं करते, अडचण डोळे उघडते.

आपला संप दोन दिवसांचा नव्हता. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी.चे कर्मचारी सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संपावर उतरले ते उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये कामावर आले. जवळजवळ सहा महिने. करोनानं बंद पडलेल्या शाळा त्याच सुमारास उघडत होत्या. लंडनकराला दुसरी रेल्वे होती, बस होती, टॅक्सी होती. मूलकराला काळी-पिवळी. (पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, आमच्याकडं तो शब्द कुणाला कळायचा नाही.) काळी-पिवळीचा कायदा एक: भरली की सुटते. सकाळी भरायला दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी, उलट दिशेला, सहा माणसं जमतात आणि ड्रायव्हर आणखी चारांची वाट पाहतो. अंधार पडू लागला की तो दोन सीटांचे पैसे जास्त द्या म्हणतो किंवा गाडी लावून घरी जातो. जायचा भाव ठरलेला, वापसीचा लिलाव.

त्या सहा महिन्यांत ज्यांना जमलं त्यांनी मोटारसायकल घेतली. कुणी धान विकून, कुणी बचत गटातून उचल घेऊन, बहुतेकांनी हप्त्यानं. एस.टी. परत सुरू झाली तेव्हा हे प्रवासी परतले नाहीत. लंडनच्या पाच टक्क्यांना नवी वाट सापडली होती. इथं ज्यांच्या दारात मोटारसायकल उभी राहिली, त्यांच्या मानेवर हप्ता होता, आणि हप्ता भरायचा तर गाडी वापरायलाच हवी. शिवाय मोटारसायकलला शेवटची फेरी नसते. पुरुष असे बाहेर पडले. लाल गाडीत उरल्या बाया, म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं.

१७ मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. सीमेपलीकडं तेलंगणानं डिसेंबर २०२३ पासून तिथल्या बायांना पूर्ण मोफत केलं, त्यामुळे राजुरा-सिरोंचाकडच्या बाया आमच्या सरकारला टोमणे मारतात. अर्ध्या तिकिटानं गंमत केली: नवरा मोटारसायकलनं एकटा जातो, बायको गाडीनं. मागं बसून जाण्यापेक्षा अर्ध्या तिकिटात तिला खिडकी मिळते. काही बायांच्या तोंडून ऐकलं तर ही सवलत पैशाची कमी आणि एकटीनं जाण्याच्या परवानगीची जास्त आहे. माहेरी जायचं, दवाखान्यात जायचं, मार्कंड्याच्या देवळात जायचं. फक्त संध्याकाळची गाडी पक्की हवी.

दवाखान्यावरून आठवलं. बाळंतपणात बाया का दगावतात, याचा सेरिन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मांडलेला "तीन विलंब" हा विचार आरोग्यसेवेत प्रसिद्ध आहे: निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. त्या लेखाच्या नावातच चालायला फार लांब असलेल्या वाटेचा उल्लेख आहे. पहिल्या उशिरामागं अनेकदा वापसीच असते. बाळंतिणीला घेऊन गेलो खरं, पण तान्ह्याला घेऊन चौथ्या दिवशी येणार कशानं? २०११ च्या जूनपासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात नेणं मोफत आहे आणि तिथून बाळासकट घरी सोडणंही. सरकारी कागदावर परतीच्या वाटेला स्वतःची ओळ मिळालेली मी पाहिलेली ही एवढीच योजना. ती ओळ ज्यानं लिहिली असेल त्याचं गाव नक्की फाट्यापासून आत असणार.

आमच्या या झाडीपट्टीतल्या माणसांनी मात्र हे गणित कधीच सोडवून ठेवलं आहे, आणि तेही नाटकात. दिवाळी झाली की मंडईची जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि गावोगाव नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं ठाणं. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, लावणी, विनोदाचे लांबलांब प्रवेश. मुंबई-पुण्याचे लोक पाहायला आले की विचारतात, एवढं लांब कशाला? कलेची कारणं असतील ती असोत. माझं आपलं सरळ मत आहे: पूर्वी माणसं रेंगी-बंडीत बसून दहा-बारा गावांवरून यायची. बारा वाजता पडदा पाडला तर ती प्रेक्षकमंडळी पोराबाळांसकट जंगलातून जाणार कशी? म्हणून नाटक उजाडेपर्यंत ताणायचं. आता मांडवाबाहेर बंड्यांऐवजी मोटारसायकलींच्या रांगा आहेत, तरी नाटक आखूड झालेलं नाही.

मूलच्या स्टँडवर परत येतो. संध्याकाळ आहे, दिवाळीच्या खरेदीचे दिवस. फलाटावर लागलेली गाडी आत कुठल्याशा खेड्यात मुक्कामाला जाणारी. आमच्याकडं तिला हॉल्टिंग म्हणतात. ती रात्री गावात झोपते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन बाहेर पडते. गावाची ती वापसीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टरची वापसी मात्र उद्या. कंडक्टरनं घरून आणलेली चादर केबिनमागं कोंबलेली दिसते. खिडक्यांतून दुपट्टे टाकून सीटा धरलेल्या. पुढच्या बाकावर एक म्हातारी पिशवीतून आकाशकंदील काढते, उलटसुलट करून पाहते, पुन्हा घडी घालते. घंटी होते. गाडी दहा पावलं सरकते न सरकते तोच फाटकातून एक पोरगी कॉलेजची बॅग छातीशी धरून धावत येते आणि दारावर थाप मारते. गाडी थांबते. कंडक्टर तिला चढवून घेतो, दार ओढतो आणि विचारतो, "आणखी कोणी राह्यलं का मागं?"